चौदा पावलं, सदतीस आटे

आटेकाकांची चावी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. मनगटाएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. जमिनीतल्या खड्ड्यात पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या टोकावर ते तोंड बसवायचं आणि मूठ धरून घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. एक फेरा म्हणजे एक आटा. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत किती पाणी जातं, हे ज्याला ठाऊक तो चावीवाला. काकांनी बत्तीस वर्षं हेच केलं, म्हणून अख्खी वस्ती त्यांना आटेकाका म्हणायची.

आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला, चढावर, जुनं पाणी गाळायचं केंद्र होतं. शहराबाहेर नवं बांधलं आणि हे बंद पडलं. तीन कोरडे हौद, काचा फुटलेलं पंपघर, गंजलेले जिने, कमरेएवढं गवत. पाणीखात्यानं यंत्रं विकली, माणसं दुसरीकडे हलवली आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आटेकाकांना विसरून गेलं. ते निवृत्त झाले तरी खोल्या सोडा म्हणायला कुणी आलं नाही. सरकारनं विसरावं यासारखी गरिबाला दुसरी सवलत नाही.

पण केंद्र बंद पडलं म्हणून जमिनीखालचं सगळं मेलं नव्हतं. टेकडीवरच्या टाकीतून येणारी एक मोठी वाहिनी अजून जिवंत होती, ती केंद्राच्या पोटातूनच खाली जात होती. तिचा एक झिजलेला व्हॉल्व्ह पाझरायचा आणि ते पाणी सगळ्यात खोल हौदात उतरायचं. ते नाल्यात सोडायला हौदाच्या बुडाला आणखी एक व्हॉल्व्ह होता. चावीवाल्यांच्यात व्हॉल्व्हना नावं असत. थोरली, धाकटी, लंगडी. या बुडाच्या व्हॉल्व्हचं नाव सावत्र. कारण बाकी सगळ्या डावीकडे फिरवल्या की उघडायच्या, ही डावीकडे फिरवली की बंद व्हायची. कुठल्या जमान्यात कुठून आणून बसवली होती, देव जाणे.

आणि यातलं एक अक्षर कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो त्यांचा धर्मच होता. जुना चावीवाला निवृत्तीच्या दिवशी नव्याला खड्ड्यात उतरवायचा, चावीवर त्याचा हात ठेवायचा आणि प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे तोंडी सांगायचा. नव्यानं तीनदा म्हणून दाखवायचं, संपलं. "कागदावर आकडा गेला की माणूस रस्त्यावर गेला," काका म्हणायचे. साहेब बदलले, खाती बदलली, पण आकडा तोंडात आहे तोवर चावीवाल्याला कुणी हलवत नसे. काकांच्या मागे मात्र नवा कुणी आलाच नाही. ते आकडे तोंडात घेऊन बसून राहिले.

मी त्या खोल्यांत पहिल्यांदा गेले ती भांडणाच्या कामानं. माझी बाकीची कामंही तीच. सातवीत शाळा सुटली, पुढचं शिक्षण सरकारी कचेऱ्यांच्या बाकड्यांवर झालं. सात-बारा कसा वाचायचा, नोटिशीला उत्तर कसं द्यायचं, साहेब जेवायला गेलाय म्हणणाऱ्या शिपायाला कसं हलवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. केंद्राच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता. आमच्या वस्तीत तर झाडाची सावली म्हणून नव्हती. पोरं गटारावरच्या झाकणांवर खेळायची. मी ठरवलं, इथे बाग होणार. लोक हसले. हसू देत.

दारात काकू होत्या, आटेकाकांची बायको. बादली भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाय पुसून ये गं. चिखल आणलायस."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसतंय कुठलं? चपला जड वाजतायत. आणि टाचा आपटत चालतेस, म्हणजे भांडखोर दिसतेस."

साखरेनं काकूंचे डोळे नऊ वर्षांपूर्वीच गेले होते. त्या तसं म्हणाल्या तरी मला तासभर कळलं नाही. दारापासून नळापर्यंत चौदा पावलं, नळापासून कपड्यांच्या तारेपर्यंत सहा, तिथून न्हाणीपर्यंत आठ. ओठ जरासे हलायचे, बाकी काही नाही. चहा गाळताना एक थेंब बाहेर सांडला नाही. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मी आटे मोजतो, ही पावलं मोजते. आमच्या घरात बोलायला कुणाला वेळच नाही."

"मोजत असता तर बरं," काकू म्हणाल्या. "साखर किती चमचे घातली ते विचार त्यांना. तिथे आकडा नेमका चुकतो."

तेव्हापासून मी त्यांची पोरगी झाले. काका मला 'पोरी' म्हणायचे, 'तू' म्हणायचे.

अकरा वर्षं लढले. मोर्चे, अर्ज, तारखा. दोनदा डोकं फुटलं, एकदा माझं, एकदा बिल्डरच्या माणसाचं. शेवटी सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. बिल्डरचे कागद म्हणत होते की खालचा हौद केंद्राच्या हद्दीबाहेर आहे, म्हणजे जागा खासगी. आमच्याकडे पुरावा नव्हता. पुरावा जमिनीत होता आणि तो कुठे आहे हे फक्त काकांना ठाऊक होतं. पाणीखात्यानं फार पूर्वी हद्दीवर लोखंडी खुंटे पुरले होते, हातभर खोल, डोक्यावर खात्याचा शिक्का.

हे बिल्डरलाही कुठून तरी कळलं. त्याचा माणूस काकांकडे येऊन गेला. खुंट्यांचं विसरा, तळमजल्यावरचा फ्लॅट तुमच्या नावावर. काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मग माझ्याकडे आले.

"पोरी, खुंटे दाखवतो. पण आमच्या खोल्यांचं काय?"

"काका, माझा शब्द. तुमच्या विटेला कुणाचा हात लागणार नाही."

"झालं तर मग," म्हणाले आणि कुदळ घेऊन निघाले.

मी साऱ्या शहराला सांगत फिरते, तोंडी काही घेऊ नका, लेखी घ्या. साहेबाचा शब्द म्हणजे वाऱ्यावरची वरात. त्या दिवशी माझ्या काखेतल्या पिशवीत वही होती, पेन होतं, आमच्या वस्तीच्या संघटनेचा शिक्का होता. काकांनी मागितलं नाही. ज्यांच्यात शहराचं पाणी तोंडी शब्दावर चालतं, त्या माणसाला कागद मागायचं सुचलंच नाही. आणि मला द्यायचं सुचलं होतं. खोटं कशाला बोलू? वकील म्हणाला होता, आत्ता कुणाच्या घराचा विषय काढलात तर प्रकरण फाटे फोडील. मी गप्प बसले.

मोजणीदारासमोर काकांनी पाच खुंटे उकरून दाखवले. जागा वाचली. वस्तीनं मला खांद्यावर घेतलं. काकांना कुणी घेतलं नाही, ते खड्डे बुजवत होते.

मग बागेचा नकाशा आला. काम देखणं होतं, नावं ठेवायची नाहीत. पंपघरात वाचनालय. वरच्या दोन हौदांत झाडं. सगळ्यात खोल हौदात पायऱ्या, बाकं, वेली, लहान मुलांची घसरगुंडी. लोक म्हणाले, शहरात असं काही नाही. आणि कोपऱ्यात, दोन खोल्या होत्या तिथे, हिरवा रंग.

"हे काय?" मी विचारलं.

"हिरवळ," नकाशा काढणारा म्हणाला. "त्या खोल्यांमुळे देखावा बिघडतो."

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. पालिकेच्या साहेबानं मला शांतपणे बाजूला घेतलं. बिल्डर अपिलात गेलाय, बाई. बागेच्या जागेत खासगी बिऱ्हाड आहे एवढं कारण त्याला पुरे आहे. त्यांना पुनर्वसनाच्या इमारतीत खोली देतो. बाग हवी की खोल्या, तुम्ही ठरवा.

मी ठरवलं. मी ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "आमच्यामुळे देखावा बिघडतो म्हणे? मला विचारायचं होतं. मला तर काही वाईट दिसत नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी बागेचं काम बघणाऱ्या इंजिनीअरला हौदाकडे नेलं. मी सोबत होते.

"साहेब, हौदात मुलं खेळणार ना? मग सावत्रला हात लावू देऊ नका. ती उघडी आहे तशीच राहू दे."

"कोण सावत्र?"

"बुडाचा व्हॉल्व्ह."

इंजिनीअरनं नकाशा उलगडला. "इथे व्हॉल्व्ह नाही."

"नकाशा काढणारा खाली उतरला असता तर सापडला असता."

"बरं, असेल. किती आटे आहेत, कुठल्या बाजूला फिरतो, लिहून द्या. नोंद करतो."

काका बराच वेळ चावीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "मी इथे राहिलो तर लिहायची गरज नाही. रोज बघीन. पगारही नको."

इंजिनीअर माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसला. म्हातारा घासाघीस करतोय, असा त्याचा समज. आणि मला राग आला तो काकांचा. अकरा वर्षांचं काम तोंडाशी आलंय आणि हे व्हॉल्व्ह अडवून बसलेत. मी तिथेच ओरडले, "काका, दोन खोल्यांसाठी अख्ख्या वस्तीची बाग घालवायची का? तिकडेही दोन खोल्याच मिळतायत!"

"खोल्या मिळतील हो," ते म्हणाले. "तिची चौदा पावलं कुठून आणू? तुमचा शब्द होता, बाई."

बाई. आणि तुमचा. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी तोंडावर चपराक खाल्ली असती तर उलट मारली असती. याला काय मारणार?

आटे त्यांनी सांगितले नाहीत. इंजिनीअरनंही परत विचारलं नाही. नकाशात नसलेल्या गोष्टीची काळजी कोण करतो?

टेम्पो सकाळी आला. सामान अर्ध्या टेम्पोत मावलं. चावी तेवढी आत बसेना, मागून बाहेर लोंबकळत गेली, तिला काकूंच्या जुन्या पातळाची लाल चिंधी बांधली होती. जाण्याआधी काकू एकदा दारापासून नळापर्यंत गेल्या, नळ घट्ट बंद आहे का ते बघितलं आणि परत आल्या. मी हात धरायला पुढे झाले तर म्हणाल्या, "तिकडे धरशील, इथे नको."

तिकडे मी धरायला नव्हते. बागेचं उद्घाटन होतं, पाट्या लिहायच्या होत्या. फाटकावरची नियमांची पाटी माझीच. गवतावर बसू नये, हा नियम मी भांडून घालायला लावला, नाहीतर चार दिवसांत पत्तेवाले बसले असते. भाषण केलं, टाळ्या घेतल्या. महिना गेला, दोन गेले. जाईन जाईन म्हणत राहिले. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

गेले ती काकूंना जाऊन दहा दिवस झाल्यावर. कळलं तेही बाजारात, दुसऱ्याकडून.

पुनर्वसनाची इमारत शहराच्या पार टोकाला. चौथा मजला, लिफ्टची नुसती पोकळी. पाणी तळमजल्याच्या वर चढत नव्हतं. ज्या माणसानं बत्तीस वर्षं शहराला पाणी सोडलं, तो रोज दोन बादल्या घेऊन चार जिने चढत होता. काका खाटेवर बसले होते. चावी कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आढ्याला लागेल अशी. मला त्यांनी 'बसा' म्हटलं.

मग काकूंचं सांगितलं. "इथे ती हलायचीच नाही. खाट ते न्हाणी, एवढंच. मी म्हणायचो, शिकू गं हळूहळू. तर म्हणायची, आता नवीन पाढे पाठ होत नाहीत. त्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला होता, म्हणून मी पाण्याला खाली गेलो. माझी बादली अर्धी भरली होती. वरून, जिन्यातून आवाज आला."

"काकू बाहेर कशाला..."

"झोपेतून उठली असणार. अंगात जुनंच घर होतं. हातात तांब्या होता. नळावर निघाली होती."

मी परत निघाले तेव्हा त्यांच्या दारातून जिन्यापर्यंतची पावलं मोजली. मोजायची नव्हती, पाय आपोआप मोजत गेले. नऊ.

मी रडले नाही. खाली येऊन इमारतीची देखभाल करणाऱ्याची गचांडी धरली, कठडा का नाही म्हणून. तो बिचारा दोन महिन्यांपूर्वी लागलेला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी हात सोडला.

त्यानंतर सात महिन्यांनी खोल हौदाच्या बाकांखाली ओल आल्याची तक्रार झाली. पालिकेनं ठेकेदार पाठवला. त्याला झुडपांत झाकण सापडलं, खाली व्हॉल्व्ह सापडला. त्याला वाटलं, अर्धवट उघडा राहिलाय, पूर्ण उघडू. दोन माणसं लावून, दांड्याला पाइप जोडून, त्यानं तो डावीकडे आवळला. दोन दिवसांत हौदात पुरुषभर पाणी. घसरगुंडीचं नुसतं टोक वर. सुदैवानं सुट्टीचा वार नव्हता, फाटक लवकर बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हौदाची खालची भिंत पाझरायला लागली. त्या भिंतीच्या पायथ्याशी आमची गल्ली. इंजिनीअर तोच. या वेळी हसत नव्हता. उलट फिरवायला गेले तर व्हॉल्व्ह जागचा हलेना. टेकडीवरून पाणी तोडावं, तर तो व्हॉल्व्ह कुठल्या खड्ड्यात आहे हेही कुणाला ठाऊक नाही.

"बाई, तो म्हातारा..." तो म्हणाला.

गरज पडली की वैद्य आठवतो. मला शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. रिक्षा केली.

वाटेत मी वाक्यं जुळवत होते. पाया पडेन, खोली मिळवून देईन, या वेळी लेखी. काकांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डावीकडे फिरवली?"

"हो."

"गाढव." मग चावी उचलली. जिन्यात ती वळेना, चारही मजले उभी धरून उतरवावी लागली. मी एक टोक धरायला गेले तर त्यांनी धरू दिलं.

खड्ड्यात छातीएवढं पाणी होतं. ते सदऱ्यासकट उतरले. चावीनं व्हॉल्व्हच्या डोक्यावर तीन ठोके मारले, अर्धा आटा अजून आवळला, मग थांबले, जसं कुणी रुसलेल्या माणसाची समजूत काढताना थांबतं. आणि उजवीकडे जोर लावला. कर्र असा आवाज आला. एक आटा. ठेकेदाराची दोन तरणीताठी माणसं वर उभी राहून बघत होती. वीस आट्यांनंतर काकांचे ओठ निळे पडले. मी म्हटलं, आता यांना करू द्या. मान हलवली. सदतीस झाल्यावर मूठ सोडली. पलीकडे नाल्यात पाणी धबाधबा कोसळू लागलं. गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला, तो आनंदाचा होता.

त्यांना वर ओढून काढलं. इंजिनीअर म्हणाला, "काका, उपकार झाले. एवढं ते..."

"सदतीस," काका म्हणाले. "उघडायला उजवीकडे. आधी तीन ठोके आणि अर्धा आटा उलट. टेकडीवरून येणाऱ्या वाहिनीचा व्हॉल्व्ह पंपघराच्या मागे, फुटक्या फरशीखाली, त्याचे बावन्न. थोरलीचे चव्वेचाळीस. लिहून घ्या, बाई. पेन आहे ना?"

मी वही काढली. "काका, आकडा कागदावर..."

"आता मला कुठून काढणार? लिहा."

मी लिहिलं. सगळे आटे, सगळ्या नावांसकट. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. माणसं पांगली, साहेब फोनवर बोलत भिंत बघायला गेले. काका कोपऱ्याकडे चालत गेले आणि हिरवळीवर एका जागी बसले. मी ओळखलं. तिथे दार होतं. अंगातून पाणी निथळत होतं, हात कोपरापर्यंत चिखलाचे.

शिट्टी वाजली. पहारेकरी नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. "ओ आजोबा, गवतावर नाही बसायचं! उठा!"

माझं टाळकं फिरलं. मी त्याच्या अंगावर धावून गेले. "कोणाला उठवतोस रे? आज तुझी नोकरी कुणामुळे वाचली माहीत आहे?"

"त्याला कशाला ओरडता?" मागून काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तोच नव्हता म्हणून जास्त लागलं. "पाटी तुमचीच आहे, बाई. वाचली मी येताना."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मग सरळ रेषेत चालायला लागले, ओठ जरासे हलत होते. चौदाव्या पावलाला थांबले. समोर कचऱ्याचा डबा होता, हिरव्या रंगाचा, वर फुलांचं चित्र.

"नळ होता इथे," ते म्हणाले.

"पाणी फाटकाबाहेर मिळतं, आजोबा," पहारेकऱ्यानं सांगितलं.

त्यांनी चिखलाचे हात एकदा उलटसुलट पाहिले, चावी उचलून खांद्यावर टाकली आणि फाटकाकडे निघाले. मी मागून चालत होते. त्यांनी मला या म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही.